विचारा, सांगते : पॉम्पेईला जाऊन यायचंय

मागच्या महिन्यात रोमबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले होते : 'पॉम्पेई बघायचं तर मुक्काम नेपल्सला हवा, रोमहून धावत जाऊन येण्यात काही राम नाही.' त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे विषय बाजूला ठेवून हा अंक त्यालाच देते आहे. पॉम्पेई म्हणजे नेपल्सजवळचं, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं जुनं रोमन गाव. नव्या वाचकांसाठी सांगते, मी २२ वर्षं टूर मॅनेजर म्हणून मराठी मंडळींना युरोप दाखवला. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून पुण्यात घरी बसून लिहिते. पॉम्पेईला किती वेळा गेले ते मोजलं नाही, पण तिथल्या दगडांनी माझे तीन जोड बूट खाल्ले आहेत.

प्रश्न : ताई, ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं चार दिवस रोमला आहोत. तिथल्या एका सहलीची जाहिरात पाहिली. सकाळी सातला बस, पॉम्पेई, व्हेसुव्हियस आणि आमाल्फीचा किनारा, रात्री परत, दुपारचं जेवण धरून. आम्ही काही पुन्हा इटलीला येणार नाही. तुम्ही नको म्हणता, पण एका दिवसात तिन्ही होत असेल तर काय हरकत आहे?
– एक काका, ठाणे

काका, कागद-पेन्सिल घ्या. रोमहून पॉम्पेई रस्त्याने साधारण २४० किलोमीटर. पन्नास माणसांची बस वाटेत एकदा तरी चहापाण्याला थांबणार, म्हणजे जायला तीन तास आणि यायला तीन तास. व्हेसुव्हियसला बस वरपर्यंत जात नाही. शेवटचा चढ पायीच चढावा लागतो. आमाल्फीचा रस्ता म्हणजे आपल्या घाटासारखा, एकापुढे एक वळणं. जेवणाला तास. आता उरलं काय? पॉम्पेईच्या वाट्याला दीड तास आला तरी पुष्कळ. ते गाव ६६ हेक्टरांवर पसरलंय, आणि त्यातलं दोन तृतीयांश उकरून झालंय. दीड तासात तुम्हाला पॉम्पेईचं फाटक दिसेल, फोरमचे, म्हणजे गावच्या मुख्य चौकाचे खांब दिसतील आणि पुढे चाललेल्या गाइडची छत्री दिसेल.

माझीच गोष्ट सांगते. नोकरीतलं पहिलं वर्ष होतं. ज्या कंपनीकडे होते तिचं नाव घेत नाही. रोमहून ४६ माणसं घेऊन निघालो. पॉम्पेईच्या अलीकडे बस एका दुकानासमोर उभी राहिली. शिंपल्यावर नक्षी कोरून ब्रोच करतात ना, त्याचं दुकान. त्या भागातलं तोर्रे देल ग्रेको हे गाव पोवळी आणि असल्या कोरीव कामासाठी खरंच नावाजलेलं आहे, त्यामुळे माल वाईट नव्हता. पण तिथे सव्वा तास गेला, कारण कंपनीचं दुकानदाराशी ठरलेलं होतं. मग पॉम्पेईत गाइडने आम्हाला अक्षरशः पळवलं. परतीच्या बसमध्ये सांगलीच्या एका काकांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, ती राखेतली माणसं कुठे होती हो?" आम्ही ती बघितलीच नव्हती. त्यांनी तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं. ते नुसतं 'बरं' म्हणून खिडकीबाहेर बघत बसले.

तेव्हा बस सोडा आणि आगगाडी धरा. रोमच्या तेर्मिनी स्टेशनातून वेगवान गाडीने नेपल्सला सव्वा तासाच्या आत पोचता. त्याच स्टेशनाच्या खालच्या अंगाला गारिबाल्दी नावाचा भाग आहे. तिथून चिर्कुमव्हेसुव्हियानाची, म्हणजे व्हेसुव्हियसला वळसा घालून जाणारी लोकल सुटते. सोरेंतोकडे जाणारी पकडायची आणि 'पॉम्पेई स्कावी – व्हिला देइ मिस्तेरी' या स्टेशनावर उतरायचं. पाऊण तासाच्या आतला प्रवास. नुसतं 'पॉम्पेई' असं नाव असलेलं स्टेशन आताच्या गावातलं, तिथे उतरू नका. ही लोकल जुनी आहे, डब्यांवर रंगांच्या रेघोट्या मारलेल्या असतात, उन्हाळ्यात आत घामाच्या धारा लागतात आणि पाकीटमार तर आहेतच. दादर-ठाणे केलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

शक्य असेल तर चारांतले दोन दिवस रोममधून काढून नेपल्सला द्या. तेही जमत नसेल आणि रोमहून हलायचंच नसेल, तर पॉम्पेईचा हट्ट सोडून ओस्तिया आंतिकाला जा. टायबर नदीच्या मुखावरचं हे रोमचं जुनं बंदर. पिरामिदे स्टेशनालगत लोकल मिळते, अर्ध्या तासात पोचवते. व्यापाऱ्यांच्या चौकात जमिनीवर काळ्या-पांढऱ्या खड्यांची चित्रं आहेत : जहाजं, मासे, एका ठिकाणी आफ्रिकेतल्या व्यापाऱ्यांच्या पेढीपुढे हत्ती. मजल्यावर मजले असलेल्या चाळी आहेत, खाली दुकानांचे गाळे, वर बिऱ्हाडं. गिरगावात वाढलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल. ज्वालामुखी नाही, राखेतली माणसं नाहीत, म्हणून गर्दीही नाही. मला विचाराल तर दमलेल्या माणसाने ओस्तियाच बघावं.

प्रश्न : गाइड घ्यायलाच हवा का? मुलगा म्हणतो, फोनवर सगळं असतं, कानात घालायचं आणि फिरायचं. गाइडचे पैसे फुकट.
– एक वाचक भगिनी, नाशिक

तुमचा मुलगा अर्धा बरोबर आहे. वाईट गाइडचे पैसे फुकटच जातात. वाईट गाइड राजांची नावं आणि सनावळी सांगतो, आणि ते खरंच फोनवर असतं.

चांगला गाइड काय करतो ते सांगते. एकदा माझ्या ग्रुपला त्याच भागातल्या एक वयस्क बाई गाइड म्हणून मिळाल्या. केस पांढरे, पायात साधे कापडी बूट, हातात छत्री नाही की झेंडा नाही. फोरमकडे न जाता त्यांनी आम्हाला एका चौकात उभं केलं. तिथे काळ्या लाव्हाच्या दगडाचं चौकोनी टाकं, त्यावर एक उभा दगड, दगडावर झिजलेला चेहरा आणि चेहऱ्याच्या तोंडात नळ. आज तिथे पिण्याचं पाणी येतं. बाई मला म्हणाल्या, पाणी पी. मी वाकले. वाकताना तोल सावरायला डावा हात आपोआप टाक्याच्या काठावर गेला, आणि तळव्याखाली दगड खोलगट लागला. गुळगुळीत, वाटीसारखा. बाई काही बोलल्या नाहीत. मी हात उचलून बघितलं, मग ग्रुपमधल्या एकेकीने येऊन तिथेच हात ठेवला. सगळ्यांचा हात तिथेच जात होता, कारण नळाला तोंड लावायचं तर दुसरीकडे हात ठेवताच येत नाही.

माझ्या आजोळी आडाच्या काठाला दोराचे वळ पडले होते. मी लहानपणी त्यात बोट घालून बसायची. पॉम्पेईत इतक्या वर्षांनी तेच आठवलं. फोनमधला आवाज मला त्या टाक्यापर्यंत घेऊन गेला असता, पण पाणी पी असं म्हणाला नसता.

अशी सार्वजनिक टाकी गावात ४० च्या आसपास आहेत. गावाच्या उंच टोकाला, व्हेसुव्हियस दरवाजापाशी, पाणी वाटून देणारी टाकीची इमारत आहे. तिथून शिशाच्या नळांनी पाणी स्नानगृहांना, चौकांना आणि पैसेवाल्यांच्या घरात जायचं. चौकातल्या टाक्यांचं पाणी भरून रस्त्यावर वाहायचं. गटारं बहुतेक रस्त्यांना नव्हतीच, त्यामुळे रस्ता हाच नाला. म्हणून रस्ता ओलांडायला मधोमध मोठे चपटे दगड टाकलेत, आपण पावसाळ्यात अंगणात विटा टाकतो तसे. त्या दगडांमध्ये गाडीची चाकं जातील एवढी फट ठेवलेली आहे, आणि त्या फटींमधून चाकोऱ्या पडल्यात. काही ठिकाणी पंजा आडवा बुडेल इतक्या खोल. 'चाकोरी' हा शब्द आपण रोज वापरतो, प्रत्यक्षात मी तो तिथे पाहिला.

मग त्या बाईंनी आम्हाला एका बेकरीत नेलं. अंगणात लाव्हाच्या दगडाची माणसाच्या छातीएवढी जाती, खालचा दगड शंकूसारखा, वरचा डमरूसारखा. वरच्याला लाकडी दांडा घालून गाढव किंवा खेचर जुंपायचे, ते घाण्याच्या बैलासारखं गोल फिरायचं. शेजारी विटांची घुमटी भट्टी. गावात अशा बेकऱ्या तिसाच्या वर होत्या. मोदेस्तुसची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेकरीच्या भट्टीत ८१ पाव कोळसा होऊन जसेच्या तसे मिळाले. गोल पाव, वरून आठ भागांत कापलेला. आमच्यातल्या एका वहिनींनी विचारलं, "म्हणजे भट्टी पेटवून पळाले?" गाइडबाई म्हणाल्या, तुम्ही काय केलं असतं? दार बंद करून भट्टी विझवायला थांबला असता?

आता निवड कशी करायची. स्टेशनातून बाहेर पडलात की 'तिकीट इकडे, गाइड इकडे' म्हणत लोक अंगावर येतात. त्यांच्याकडे बघू नका, सरळ फाटकाशी जा. गाइडच्या गळ्यात सरकारी परवान्याचं ओळखपत्र हवं. ग्रुप पंधरा-वीस जणांपलीकडचा नको. निदान दोन तास, तीन असतील तर उत्तम. आणि एक प्रश्न आधीच विचारा : आज कोणती घरं उघडी आहेत? तिथे सगळी घरं रोज उघडी नसतात, आळीपाळीने बंद ठेवतात. जो गाइड हे लगेच सांगतो तो रोज येणारा आहे. वेत्ती बंधूंचं घर उघडं असेल तर चुकवू नका. दुरुस्तीसाठी वीसेक वर्षं बंद राहून २०२३ मध्ये ते पुन्हा उघडलं. दोघेही गुलामगिरीतून सुटून पैसेवाले झालेले, आणि नवा पैसा भिंतीभिंतीवर बोलतो.

आणि एक. गाइड सोडून गेल्यावर लगेच फाटकाकडे वळू नका. तास-दीड तास आपलं आपण फिरा. मुलाचा फोन तेव्हा कामाला येईल.

प्रश्न : सोबत १२ वर्षांची नात आहे. तिथे मेलेली माणसं ठेवलीत म्हणतात, ती घाबरेल का? शिवाय नको ती चित्रंही आहेत असं कळलं.
– एक आजी, सातारा

आजी, आधी माणसांबद्दल. ती ममी नाहीत. इसवी सन ७९ मध्ये डोंगर फुटला तेव्हा माणसं बारीक राखेखाली गाडली गेली. राख घट्ट झाली, आतलं शरीर कुजून गेलं, आणि आकाराएवढी पोकळी राहिली. १८६३ मध्ये उत्खननाचे प्रमुख जुझेप्पे फियोरेल्ली यांनी त्या पोकळीत प्लॅस्टर ओतायची युक्ती काढली. पेणच्या कारखान्यात साच्यात प्लॅस्टर ओतून गणपती करतात, तसंच. फक्त इथे साचा राखेचा आहे. प्लॅस्टर सुकल्यावर राख खरवडून काढली की माणूस बाहेर येतो, कपड्याच्या चुण्यांसकट. आत खरी हाडं असतात, हे नातीला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझा अनुभव असा की मुलं घाबरत नाहीत, मोठी माणसंच गप्प होतात. मुलं रडतात ती कुत्र्यापाशी. साखळीला बांधलेला राहून गेलेला एक कुत्रा आहे, पाय वर आणि मान वाकडी. तो तिला दाखवण्याआधी एकदा विचार करा.

गाइड तुम्हाला 'आई आणि बाळ' दाखवेल किंवा त्यांची गोष्ट सांगेल : दंडात सोन्याचं कडं, मांडीवर मूल. ही गोष्ट मीही वर्षानुवर्षं सांगितली, डोळ्यांत पाणी आणून. २०२४ मध्ये त्या हाडांच्या डीएनएचा निकाल प्रसिद्ध झाला. ती बाई नव्हे, पुरुष आहे, आणि त्याचं त्या मुलाशी रक्ताचं नातं नाही. कुणाचं तरी मूल त्याने मांडीवर घेतलं होतं, एवढंच आता म्हणता येतं. मी ज्यांना ज्यांना आई म्हणून सांगितलं त्या सगळ्यांची इथे माफी मागते.

चित्रांचं म्हणाल तर लुपानार म्हणून एक कुंटणखाना आहे. लहान खोल्या, दगडी बिछाने, दारांवर चित्रं. बाहेर मोठी रांग असते, आतून माणसं खिदळत बाहेर येतात. नातीला घेऊन त्या रांगेत उभं राहायची काही गरज नाही. पण रस्त्यात, दुकानांवर पुरुषाच्या अवयवाचं चिन्ह कोरलेलं दिसेल. गाइड लोक सांगतात की ते लुपानारची वाट दाखवतं. त्यावर विश्वास ठेवू नका. दृष्ट लागू नये म्हणून रोमन लोक ते लावायचे, आपण दारावर लिंबू-मिरची बांधतो तसं. नातीने विचारलं तर हेच सांगा.

तिला खूष करायचं असेल तर कुत्र्याचं घर शोधा. म्हणजे खरं नाव 'शोकांतिका-कवीचं घर' असं काहीसं आहे, पण उंबऱ्याशी खड्यांचा काळा कुत्रा काढलाय आणि खाली लॅटिनमध्ये लिहिलंय : कुत्र्यापासून सावध. पुण्यातल्या पाट्यांना इतका जुना पूर्वज आहे हे बघून मला अभिमान वाटला होता.

प्रश्न : गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. चालता येतं, पण खडबडीत रस्त्यावर भीती वाटते. जेवणाची आणि बाथरूमची सोय? ऊन किती?
– एक वाचक, कोल्हापूर

तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी तिथे एक सपाट वाट केलेली आहे, 'पॉम्पेई पेर तुत्ती', म्हणजे पॉम्पेई सर्वांसाठी. तीन किलोमीटरहून लांब आहे, चाकाची खुर्चीही जाते. त्यासाठी स्टेशनसमोरच्या पोर्ता मारिना फाटकाने जाऊ नका, तिथे पहिल्याच पावलाला खडा चढ आहे. अँफिथिएटरच्या बाजूच्या फाटकाने जा. अँफिथिएटरही तिकडेच, ख्रिस्तपूर्व ७० च्या सुमाराचं, वीस हजार माणसं बसतील एवढं. इसवी सन ५९ मध्ये पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुकेरियाचे लोक खेळ बघता बघता एकमेकांवर दगड घेऊन धावले, माणसं मेली, आणि रोमने दहा वर्षं खेळांवर बंदी घातली. शेजारच्या गावाशी असलेली चुरस कोल्हापूरकरांना मी काय सांगायची.

सावली जवळजवळ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, एप्रिल किंवा ऑक्टोबर बघा. टोपी, रिकामी बाटली (नळ आहेत, पाणी चांगलं आहे), आणि घट्ट तळव्याचे जुने बूट. नवे नकोत. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत, फाटकाशी ठेवावी लागते. आत फोरमजवळ एक उपाहारगृह आहे, महाग आणि गर्दीचं. बाथरूम मोजकी, म्हणून दिसलं की जाऊन यायचं, लागलंय की नाही याचा विचार करायचा नाही. हा माझा ग्रुपमधला पहिला नियम होता. पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी असू द्या. मात्र भग्न घरात बसून खाऊ नका, रखवालदार ओरडतात आणि बरोबरच करतात.

नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो. त्या दिवशी अजिबात फिरकू नका.

आणि पॉम्पेईचा विस्तार झेपणार नाही असं वाटलं तर त्याच लोकलने अलीकडे एर्कोलानोला उतरा. तिथलं हर्क्युलेनियम लहान आहे, दोन तासांत निवांत होतं, आणि मला विचाराल तर जास्त जिवंत आहे. तिथे उकळत्या राखेच्या लोंढ्याने गाव गाडलं, त्यामुळे लाकूड जळून कोळसा झालं पण टिकलं : तुळया, सरकतं दार, खाट, वरचे मजले. स्टेशनावरून उतार आहे, जाताना मजा वाटते. येताना टॅक्सी करा.

प्रश्न : मुलीच्या पुस्तकात स्फोटाची तारीख २४ ऑगस्ट आहे, आमच्या गाइडने ऑक्टोबर सांगितलं. कोण खरं?
– एक पालक, बेळगाव

ऑगस्टची तारीख धाकटा प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्रातून आली. तो तेव्हा १७ वर्षांचा होता, आखाताच्या पलीकडून त्याने पाइनच्या झाडासारखा ढग पाहिला, आणि त्याचा मामा, थोरला प्लिनी, जहाजं घेऊन मदतीला गेला तो परतला नाही. पण पत्रं हाताने नकलत नकलत आपल्यापर्यंत आली, आणि नकलेत तारखा चुकतात. इकडे घरांमध्ये डाळिंबं सापडली, शेगड्या सापडल्या, दारूचे रांजण बंद करून ठेवलेले सापडले. मग २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ मिळाली, तिच्यात १७ ऑक्टोबरला येणारी तारीख आहे, साल नाही. कोळशाचं लिखाण फार दिवस टिकत नाही, म्हणून ते त्याच वर्षीचं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. सगळे नाही. परीक्षेत पुस्तकातलं लिहायला सांगा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलं होतं की पॉम्पेईत लक्ष्मीची मूर्ती सापडली, म्हणजे तिथे लक्ष्मीचं देऊळ होतं. आम्ही दरवर्षी गोरोबाकाकांच्या दर्शनाला तेरला जातो. तिथल्या एका माणसाने सांगितलं की तशीच मूर्ती तेरलाही आहे. थापा की खरं?
– एक वाचक, लातूर

देऊळ ही थाप. मूर्ती खरी, आणि तेरचा माणूसही खरा.

१९३८ मध्ये, पॉम्पेईच्या मोठ्या हमरस्त्यावरच्या एका घरात उत्खनन करणारे अमेदेओ मायुरी यांना ती मिळाली. हस्तिदंताची, वीतभराहून थोडी मोठी. बाई उभी आहे, अंगावर दागिन्यांशिवाय फारसं काही नाही, हातभर बांगड्या, दोन बाजूंना दोन लहान दासी. सापडल्यावर लक्ष्मी हे नाव पडलं ते पडलंच. पण कमळ नाही, गजलक्ष्मीचे हत्ती नाहीत. यक्षी म्हणणारे अभ्यासक जास्त आहेत. डोक्यातून खाली आरपार भोक आहे, म्हणजे ती आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या नाजूक चौरंगाचा पाय. पूजेची मूर्ती नव्हे, एखाद्या पैसेवाल्याच्या घरातली हौसेची वस्तू. तळाशी खरोष्ठी, म्हणजे वायव्येकडच्या जुन्या भारतीय लिपीतलं अक्षर कोरलंय.

आता गंमत ऐका. अशा ठेवणीच्या हस्तिदंती बायका आपल्याकडे दोन ठिकाणी मिळाल्या. एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, वरून तुटलेली. दुसरी तुमच्या तेरला. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवहीत भडोच बंदरातून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर असं लिहिलंय, आणि तिथून गाड्यांवर कापड येतं असंही. त्या गाड्यांच्या वाटेनेच ही बाई भडोचला, तिथून जहाजात आणि तिथून पॉम्पेईला गेली असेल का? मथुरेकडची कारागिरी म्हणणारेही आहेत. मी मराठी माणूस, मला भोकरदन-तेर आवडतं, पण आवडणं हा पुरावा नाही. उलट्या दिशेचा माल तर कोल्हापूरला आहेच : ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला, काशाचा, रोमन घडणीचा समुद्रदेव पोसायडन. टाउन हॉल म्युझियममध्ये उभा असतो, आणि बाहेर बागेत बसलेल्या माणसांना तो तिथे आहे हे ठाऊक नसतं.

पॉम्पेईत जाऊन ही मूर्ती शोधू नका, तिथे नुसतं तिचं घर आहे. ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, आणि तिथेही कुठे, तर 'गुप्त दालनात'. पॉम्पेईत सापडलेल्या सगळ्या चावट वस्तू एकेकाळी कुलपात ठेवायचे, ते दालन. सर्वांना उघडं झालं २००० साली. आपली बाई उघडी, म्हणून तिची रवानगी तिकडे. आजूबाजूला लिंगांच्या घंटा आणि बकरीशी लगट करणारा देव, आणि मध्ये काचेत ही, एक हात मानेमागे नेऊन कानातलं सांभाळत असल्यासारखी. माझ्या ग्रुपमधल्या बायका त्या दालनात आधी हसायच्या, मग हिच्यापुढे आल्या की कमरपट्टा बघत बसायच्या. एकदा एकीने म्हटलं, "माझ्या आजीचा असाच होता."

मी नेपल्सची आधी पाहिली. तेरची पाहायला आणखी सहा वर्षं लागली. पुण्याहून तेर ते काय, सकाळी निघालं की दुपारी हजर. गोरोबाकाकांचं दर्शन झालं की लोक चहा पिऊन परत फिरतात, तसं करू नका. गावातच लामतुरे संग्रहालय आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर शेतांतून आणि पांढरीच्या टेकाडांतून गोळा केलेल्या वस्तूंतून ते उभं राहिलं. मी गेले त्या दिवशी आत मी एकटीच होते.

नेपल्सच्या संग्रहालयाला मंगळवारी सुट्टी असते. माझा पहिला फेरा दाराला हात लावून परत आला.